पायाला बाहेरून फोम लावलाय आणि वाळवीची तपासणी अडली आहे? आधी वरचा पट्टा मोकळा करा

तुम्ही लिहिलंय की पायाच्या भिंतीला बाहेरून उष्णता रोखणारी 50 मिमीची फोमशीट थेट लाकडी तळपट्टीपर्यंत (पायावर आडवं बसवलेलं सर्वात खालचं लाकूड) नेली, वरून गिलावा केला, आणि आता पेस्ट कंट्रोलवाले हमी वाढवून द्यायला तयार नाहीत. हा त्रास माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. शीटची जाडी, चिकटवण्याची पद्धत, पाण्याचा निचरा हे तुम्ही पाहिलं असेलच, म्हणून ते सोडून देतो.

तपासनीस उगाच अडून बसलेला नाही. वाळवी फोम खात नाही, पण पोखरते अगदी सहज. उघड्या काँक्रीटवरून चढायचं तर तिला मातीची नळी बांधावीच लागते, कारण कोरडी हवा तिला सोसत नाही. ती नळी दिसणं हाच आपल्याला वेळेवर मिळणारा इशारा. फोमच्या आतून किंवा फोम आणि भिंतीमधल्या फटीतून ती वर गेली, तर लाकूड पोकळ होईपर्यंत बाहेर काहीच कळत नाही. तिला मिलिमीटरभर फटही पुरते.

म्हणून सगळ्यात महागात पडते ती एकच चूक: फोम लाकडाला टेकवणं. तुमच्याकडे तेच झालंय. सबंध फोम काढू नका. सर्वात खालच्या लाकडाखाली 150 मिमीचा पट्टा आखा आणि तेवढ्या भागातला गिलावा व फोम कापून काँक्रीट उघडं करा. जागा अगदीच कमी असेल तर 75 मिमी, त्याहून कमी नको. फोमच्या कापलेल्या कडेवर बाहेर उतार दिलेला पत्रा बसवा, नाहीतर पाणी मागे शिरेल. काँक्रीट चांगलं खरवडून घ्या. चिकटलेल्या गोंदाखाली नळी लपून राहते. आणि कृपा करून "दिसायला बरं" म्हणून त्या पट्ट्यावर पुन्हा गिलावा करू देऊ नका. पुढे कुंड्या, मातीचा भराव, लाकडाचा भुसा यांनीही तो झाकला जाऊ नये.

त्या पट्ट्यातून उष्णता जाते, हे खरं आहे. मला सर्वात जास्त मनस्ताप झाला तो इथेच: एक कार्यालय सलग उष्णतारोधन मागतं, दुसरं उघडा पट्टा मागतं, आणि दोघं मिळून एक नकाशा बघायला तयार होत नाहीत. माझं स्पष्ट मत: थोडी उष्णता जाऊ द्या, लाकूड वाचवा. आतून त्या उंचीवर रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीचे) काढता येतील असे तुकडे बसवले तर बरीचशी भरपाई होते. तिथे स्प्रे फोम मात्र मारू नका, तो तपासणीची आतली बाजूही बंद करतो.

भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर बाहेरचा पट्टा एकटा पुरत नाही, कारण वाळवी पोकळीतूनच वर जाते. वरचा थर काँक्रीटने भरीव हवा, किमान 100 मिमी. कधी तळपट्टी बदलायची वेळ आली, तर तिच्याखाली सलग पत्रा घाला: 50 मिमी बाहेर काढून पुढचा 50 मिमी भाग 45 अंशांत खाली वाकवलेला, सांधे सोल्डर करून किंवा सीलंटने बंद केलेले. पत्रा वाळवी रोखत नाही, तिला वळसा घालून उजेडात यायला लावतो.

औषधाबद्दल: जमिनीखाली फोम असेल तर भिंतीलगतच्या मातीत ते नीट पोचत नाही. चर खणून मातीत द्यायचं की आमिषाचे डबे लावायचे, हे परवानाधारक माणसालाच जागेवर ठरवू द्या. वाळवीचा धोका जास्त असलेल्या काही भागांत जमिनीखाली फोम लावायला नियमानेच बंदी असते, तेही आधी विचारा. मी तुमचं घर पाहिलेलं नाही, त्यामुळे तळपट्टी टोचून, ती आतून पोकळ नाही ना हे पाहिल्याशिवाय काही कापू नका.

पट्टा उघडा झाला की वर्षातून दोनदा टॉर्च घेऊन पूर्ण फेरी मारा. नळी दिसली तर मधोमध थोडी फोडून फोटो काढा. काही दिवसांत ती परत सांधलेली दिसली, तर वाळवी आत जिवंत आहे. सांधली नाही तरी निर्धास्त होऊ नका, वाट बदललेली असू शकते.