'यदृच्छा'त इच्छा नाही

प्रश्न असा आला आहे : 'फ्री विल'साठी 'इच्छास्वातंत्र्य' हा शब्द लांबलचक वाटतो, त्याऐवजी सुटसुटीत 'यदृच्छा' का चालू नये? शिवाय नियतिवाद, म्हणजे सगळं आधीच ठरलेलं असतं हे मत, आणि दैववाद एकच का?

चालू नये, कारण 'यदृच्छा'त इच्छा नाही; यदृच्छा म्हणजे काही कारण नसताना आपसूक घडणं. 'क्वांटम पातळीवर, म्हणजे अणूंच्या सूक्ष्म जगात, यदृच्छा आहे, म्हणजे माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे' हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की आता चीड येते. शब्दाच्या रूपाला भुलायचं आणि त्यावर तत्त्वज्ञान उभं करायचं!

यत् आणि इच्छा यांचा संधी केला तर 'यदिच्छा' होईल. मग मधला ऋ कुठून आला? तो ऋ या गत्यर्थक धातूचा. ऋच्छति म्हणजे जातो, येऊन पोचतो. जे न बोलावता येऊन ठेपतं, ते यदृच्छेनं. गीतेतला 'यदृच्छालाभसंतुष्ट' हा न मागता जे पदरी पडलं त्यात समाधान मानणारा आहे. त्याला 'इच्छेप्रमाणे मिळालं म्हणून संतुष्ट' ठरवलं, तर श्लोकाचा अर्थच उलटा होतो.

आता खरी गंमत. पाणिनीच्या अष्टाध्यायी या संस्कृत व्याकरणाच्या सातव्या अध्यायातल्या तिसऱ्या पादाचं 77वं सूत्र आहे 'इषुगमियमां छः'. इष्, गम् आणि यम् यांच्या शेवटच्या वर्णाच्या जागी छ येतो, म्हणून इच्छति, गच्छति, यच्छति. इष् वरून आपली इच्छा. यम् म्हणजे आवरणं, ताब्यात ठेवणं. त्याच्यावरून नियम, संयम, यंता म्हणजे सारथी, आणि तीच आपली नियती! लगेच 78व्या सूत्रात ऋ चा ऋच्छ होतो. म्हणजे इच्छा, नियती आणि यदृच्छा, या सगळ्या वादातले तिन्ही पक्ष, लागून असलेल्या दोन सूत्रांत बसले आहेत. पाणिनीला फक्त रूपं साधायची होती, हे मला कळतं. तरी ही जोडसूत्रं वाचताना दर वेळी अंगावर काटा येतो. मुद्दा इतकाच की इच्छा आणि ऋच्छा यांचं साम्य त्या 'च्छ'पुरतं आहे. धातू वेगळे, अर्थ वेगळे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, ऋच्छ् असा स्वतंत्र धातूही आहे आणि काही जण यदृच्छा तिथून काढतात. मला ती वाट उगाच लांबची वाटते, पण तिथूनही इच्छा काही निघत नाही.

गोंधळाचं खापर मी अमरसिंहावर फोडतो. त्याचा संस्कृत शब्दकोश, अमरकोश, म्हणतो, 'यदृच्छा स्वैरिता'. स्वैर म्हणजे स्व अधिक ईर, स्वतःच्या मर्जीने हलणारा. अमरकोशाचा मान मोठा, पण इथे त्याने दोन निराळ्या गोष्टी एका ओळीत कोंबल्या आणि पुढच्यांनी त्याचीच री ओढली. त्याच्या कितीतरी आधी श्वेताश्वतरोपनिषदाने जगाचं कारण काय असू शकेल याची यादी दिली : काल, स्वभाव, नियती, यदृच्छा, भूतं, पुरुष म्हणजे चेतन आत्मा. यदृच्छा ही पुरुषाची मर्जी असती, तर पुरुष वेगळा मोजला असता का?

तत्त्वज्ञानातही नेमकं इथेच अडतं. रेडियम-226चं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात त्याचे निम्मे अणू फुटतात. पण समोरचा एक अणू आत्ता फुटेल की दहा हजार वर्षांनी, हे कशानेच ठरलेलं नाही. म्हणून तो अणू स्वतंत्र झाला का? माझा निर्णय तसाच आपसूक फुटला, तर तो माझा कसा म्हणायचा? प्राचीन रोमन कवी ल्युक्रेशियसने नियतीची साखळी तोडायला अणूंना अवचित किंचित वळायला लावलं, तेव्हापासून हा प्रश्न यदृच्छेतून स्वातंत्र्य काढणाऱ्यांच्या मानगुटीवर आहे. नियती नाकारली की हाती यदृच्छा येते; स्वातंत्र्य येतंच असं नाही. म्हणून 'इच्छास्वातंत्र्य' लांब असला तरी तोच ठेवा.

राहिला दैववाद. तो आणि नियतिवाद एक नव्हेत. आजार बरा व्हायचा असेल तर वैद्य बोलावला काय, न बोलावला काय, सारखंच, हे झालं दैववादी बोलणं. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानातल्या स्टोइक पंथाच्या क्रिसिपसने त्याला उत्तर दिलं होतं : बरं होणं ठरलेलं असेल, तर वैद्याला बोलावणंही त्याच्याबरोबरच ठरलेलं असतं. तो नियतिवाद.