दोन ताऱ्यांभोवती फिरणारा ग्रह ओळखतात कसा, आणि लहान दुर्बिणीतून त्यातलं काय मोजता येतं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. जुळे तारे एकमेकांना झाकतात तेव्हाही प्रकाश कमी होतो आणि ग्रह आडवा आला तरीही, मग ग्रह वेगळा ओळखायचा कसा? आणि २० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून यातलं काही हाती लागेल का? दोन्हींसाठी केप्लर-१६ हे सर्वांत चांगलं उदाहरण आहे.

हंस तारकासमूहात, सुमारे २४५ प्रकाशवर्षांवर जुळ्या ताऱ्यांचं हे युग्म आहे. थोरला तारा ‘ए’ सूर्याच्या ०.६९ पट वस्तुमानाचा, धाकटा ‘बी’ फक्त ०.२० पट. ४१.०८ दिवसांत ते एकमेकांभोवती एक फेरी घालतात. त्या दोघांभोवती जवळपास शनीएवढा ग्रह २२८.८ दिवसांत फिरतो. तो २०११ मध्ये जाहीर झाला.

प्रकाशवक्रात, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या प्रकाशाच्या आलेखात, चार प्रकारचे खड्डे दिसले. बी हा ए-समोर आला की १३ टक्के, बी मागे गेला की १.६ टक्के, ग्रह ए-वरून गेला की १.७ टक्के आणि बी-वरून गेला की जेमतेम ०.१ टक्का. दुसरा आणि तिसरा आकडा किती जवळ आहेत पाहा! म्हणजे नुसत्या खोलीवरून निवाडा होत नाही. ग्रह पकडला गेला तो वेळेवरून. ताऱ्यांची ग्रहणं घड्याळासारखी येतात, पण ए-वरची ग्रहाची अधिक्रमणं (म्हणजे ग्रहाचं ताऱ्यासमोरून जाणं) एकदा २३०.३ दिवसांनी आणि पुढे २२१.५ दिवसांनी आली. कारण सरळ आहे: ए स्वतः युग्माच्या गुरुत्वमध्याभोवती सुमारे ७५ लाख किलोमीटर त्रिज्येच्या कक्षेत फिरतोय. ग्रह परत येतो तेव्हा ए कधी अलीकडे असतो, कधी पलीकडे. म्हणून अधिक्रमण लवकर किंवा उशिरा होतं, आणि ए-ची चाल ग्रहाच्या दिशेने आहे की उलट, त्यानुसार त्याचा कालावधीही बदलतो. मागे कुठेतरी असलेलं दुसरंच ग्रहणकारी युग्म असं वागूच शकत नाही. शिवाय ग्रहाच्या ओढीमुळे ताऱ्यांच्या ग्रहणांच्या वेळाही मिनिटभराच्या आसपास सरकतात. माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा हाच, कारण त्यातून ग्रहाचं वस्तुमानही निघतं.

ग्रह टिकतो कसा, तर तो पुरेसा लांब आहे म्हणून. ढोबळ नियम असा की दोन्ही ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहाचं अंतर ताऱ्यांमधल्या अंतराच्या तिप्पट तरी हवं. इथे तारे एकमेकांपासून ०.२२ खगोलीय एकक (पृथ्वी ते सूर्य हे सरासरी अंतर म्हणजे एक एकक) अंतरावर आहेत आणि ग्रह ०.७० वर, म्हणजे सीमेच्या थोडाच बाहेर.

वर्णपटाने, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशातल्या रेषा किती सरकतात त्यावरून त्याचा वेग मोजून, हाच ग्रह पकडणं फार अवघड गेलं. बी-मुळे ए सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर वेगाने हलतो, ग्रहामुळे जेमतेम १२ मीटर. हजारपट मोठ्या हेलकाव्यातून ही थरथर वेगळी काढावी लागते. फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेच्या १९३ सेंटिमीटर दुर्बिणीने ते साधलं आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

आता तुमची दुर्बीण. ग्रहाचं अधिक्रमण सध्या विसरा: त्याच्या कक्षेचं प्रतल हळूहळू कलतं, त्यामुळे २०१८ पासून तो आपल्या दृष्टिरेषेत ए-ला झाकत नाही आणि गणितानुसार २०४२ च्या सुमारास पुन्हा झाकू लागेल. ताऱ्यांचं १३ टक्क्यांचं ग्रहण मात्र नक्की मिळेल. तारा साधारण १२व्या प्रतीचा आहे (प्रत हे तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) आणि घट ०.१५ प्रतीची.

अडचण वेळेची. ग्रहण पाच-सहा तास चालतं आणि दर खेपेला घड्याळात सुमारे १ तास ५४ मिनिटं उशिरा येतं. त्यामुळे एका ठिकाणाहून काही ग्रहणं रात्री मिळतात, मग कित्येक सलग दिवसा होतात. हे चक्र साधारण १७ महिन्यांचं आहे. आधी वेळापत्रक काढा, आणि ग्रहणाच्या आधी-नंतर प्रत्येकी तासभर तरी निरीक्षण ठेवा, नाहीतर मूळ पातळीच कळत नाही.

लाल फिल्टर लावा, ६० सेकंदांच्या एक्स्पोजरपासून सुरुवात करा आणि ताऱ्याचा मधला पिक्सेल कमाल क्षमतेच्या दोन-तृतीयांशांपलीकडे जाऊ देऊ नका. फोकस किंचित ढिला ठेवला तर फायदाच होतो. तुलनेसाठी त्याच चित्रातले तीन-चार तारे घ्या, पण रंगाने जुळणारे, नारिंगी. निळसर तारा घेतलात तर युग्म क्षितिजाकडे उतरताना वातावरण दोघांचा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात खाईल आणि वक्र तिरका होईल. तो तिरकेपणा १.६ टक्क्यांचं दुय्यम ग्रहण सहज गिळून टाकतो. फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळलेल्या पृष्ठभागाचं चित्र) त्याच रात्री, कॅमेरा न हलवता घ्या.

संगणकाचं घड्याळ निरीक्षणाआधी इंटरनेटवरून जुळवा. ग्रहणाचा मध्यक्षण काढल्यावर तो सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यासाठी दुरुस्त करा. पृथ्वी वर्षभरात या ताऱ्यापासून जवळ-लांब होते, त्याने वेळ अडीच मिनिटांपर्यंत पुढे-मागे होते. ग्रहामुळे होणारी सरक याहून लहान असल्याने ही दुरुस्ती राहिली, तर आलेखात ग्रहाऐवजी पृथ्वीचीच कक्षा दिसेल.