घरात आजारपण आहे, माझी झोप उडाली आहे. याचा कारखान्यावर परिणाम होतो का? कामगारांना सांगावे का?

हो, होतो. आणि कामगारांना सगळा तपशील नको, पण "घरी अडचण आहे, महिनाभर खरेदीचे निर्णय अमुक जण घेतील" एवढे जरूर सांगा. नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीकडच्या लघुउद्योगांचे हिशेब मी बघतो. मालकाची झोप गेली की ते वहीत दिसायला लागते: कोटेशन घाईघाईत कमी दराने जाते, वसुलीचे फोन राहून जातात, जीएसटीच्या रिटर्नला उशीर होतो. सगळ्यात महाग पडते ते वेगळेच. मालकाचा चेहरा बघून सुपरवायझर वाईट बातमी दडवतो, आणि मशीन बंद पडल्याचे दुसऱ्या दिवशी कळते. मोठमोठ्यांनाही हे चुकलेले नाही. ब्रिटनच्या लॉइड्स बँकेचे तेव्हाचे प्रमुख अँटोनियो होर्टा-ओसोरियो यांनी २०११ मध्ये निद्रानाश आणि थकव्यामुळे रजा घेतली, २०१२ च्या जानेवारीत ते पुन्हा रुजू झाले. तुम्ही सध्या एवढे करा:

- नवे कर्ज, भागीदारी, जुन्या माणसाला काढणे हे पुढे ढकला.
- रोजच्या खर्चाच्या मंजुरीचा अधिकार विश्वासू माणसाला मर्यादा ठरवून द्या.
- झोप दोन आठवड्यांत सुधारली नाही तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

मात्र धंद्यातली प्रत्येक घसरण स्वतःच्या मनावर घेऊ नका. मोठ्या ग्राहकाने बिल अडकवले असेल, तर तुम्ही कितीही शांत झोपलात तरी रोकड अडणारच. ते आधी तपासा.