'अष्टग्रही' की 'अष्टग्रह युती'?

प्रश्न असा आहे: १९६२ साली आठ ग्रह एकाच राशीत जमले होते, त्या घटनेबद्दल जुनी माणसं 'अष्टग्रही' असं बोलतात, हल्ली मात्र 'अष्टग्रह युती' असं लिहिलेलं दिसतं. यातलं बरोबर कोणतं, आणि 'अष्टग्रही'च्या शेवटचा 'ई' कुठून आला?

'अष्टग्रही' हे पूर्ण, स्वतंत्र नाम आहे. त्याला 'युती'चं शेपूट जोडायची गरज नाही, आणि जोडलं तर अर्थही बिघडतो.

आधी 'ई'बद्दल. हा द्विगू समास आहे. पहिलं पद संख्यावाचक, दुसरं अकारान्त, आणि अर्थ 'त्या सगळ्यांचा समूह' असा असला, की संस्कृतात सामासिक शब्द स्त्रीलिंगी होऊन त्याला ई लागतो. पाच वडांची पंचवटी, सात पावलांची सप्तपदी, आठ अध्यायांची अष्टाध्यायी, तशी आठ ग्रहांची अष्टग्रही. याला अपवाद आहेत (त्रिभुवन, चतुर्युग), पण नियम हाच. म्हणून 'ती अष्टग्रही', 'अष्टग्रहीत', 'अष्टग्रहीची भीती'. 'त्रिग्रही योग', 'चतुर्ग्रही योग' यांतला ई मात्र मला वेगळा वाटतो. तिथे शब्द विशेषणासारखा वागतो आणि मराठीच्या 'चौपदरी रस्ता', 'बहुमजली इमारत' या वळणाने जातो. दोन्ही रूपं शुद्ध आहेत.

आता 'युती'. दोन ग्रह आकाशात एकाच रेखांशावर आले की युती, समोरासमोर आले की प्रतियुती. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी एकमेकांपासून जेमतेम एक दशांश अंशावर होते, ती खरी युती. (तिला तेव्हा 'महायुती' म्हटलं गेलं; राजकारणामुळे तो शब्द आता आकाशाकडे परत येणं अवघड आहे.) १९६२ मध्ये तसं घडलं नव्हतं. त्या फेब्रुवारीच्या ३ ते ५ तारखांना रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू हे आठही मकर राशीत होते. रास ३० अंशांची. केतू सोडून बाकीचे सात सुमारे १६-१७ अंशांच्या पट्ट्यात होते. म्हणजे हा जमाव होता, आणि 'अष्टग्रही' हा शब्द नेमका जमावच सांगतो.

हा जमाव दोन-अडीच दिवसच का टिकला, तर चंद्रामुळे. शनी एका राशीत अडीच वर्षं राहतो, गुरू साधारण वर्षभर, आणि चंद्र फक्त सव्वादोन दिवस. चंद्र मकरेतून बाहेर पडला की आठाचे सात झाले. रवी-चंद्र एकत्र म्हणजे अमावास्या, त्यात जवळच केतू, म्हणून ५ फेब्रुवारीला खग्रास सूर्यग्रहणही झालं. ते पॅसिफिक भागात दिसलं.

मला या शब्दातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की मराठीत 'नवग्रह' आहेत, पण या अर्थाने 'नवग्रही' कधीच होणार नाही. राहू आणि केतू कायम १८० अंशांवर असतात. एक आला की दुसरा समोरच्या राशीत. आठ ही कमाल मर्यादा आहे, आणि तिच्यातला आठवा म्हणजे चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला (सूर्याच्या आकाशातल्या भासमान मार्गाला) छेदते तो नुसता बिंदू.

त्या वेळी जगबुडीची भाकितं झाली, देशभर याग, होमहवन, शांती झाल्या. आमच्या आजीच्या तोंडी 'अष्टग्रहीच्या वर्षी' हे कालगणनेचं माप होतं. फेब्रुवारी सुखरूप गेला. मग ऑक्टोबरात चीनचं युद्ध सुरू झालं, तेव्हा तिने तेही अष्टग्रहीच्याच खाती मांडलं. तीन दिवसांच्या घटनेचं फळ आठ महिन्यांनी मिळालं असं मानायला लोकांना कुठलीच हरकत वाटत नाही, आणि हे मला खरोखर काळजीचं वाटतं: मुदत न सांगितलेलं भाकीत खोटं ठरवायचं तरी कधी? युरोपातही १५२४ च्या फेब्रुवारीत मीन राशीत ग्रह जमणार म्हणून महापुराची भाकितं छापली गेली होती.

देशाच्या, पावसापाण्याच्या, राजाच्या भविष्याला जुन्या ज्योतिषात 'संहिता' म्हणत, व्यक्तीच्या भविष्याला 'होरा'. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ग्रहांच्या जमावांना वेगवेगळी नावं आहेत: समागम, समाज, संनिपात, कोश. आपला रोजचा 'समाज' तिथे ग्रहांचाही होतो, आणि आयुर्वेदातले तीन दोष (वात, पित्त, कफ) एकत्र कोपले की होणारा 'संनिपात' तिथे आकाशात असतो. 'युती' हा एकच शब्द सगळीकडे वापरून आपण हे बारकावे घालवतो. आठ ग्रह एका राशीत असतील तर 'अष्टग्रही' लिहा. दोन ग्रह खरोखर एकमेकांना भिडलेले असतील तेव्हाच 'युती'.