झिगो: ताटातली तंगडी आणि झग्याची बाही

एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. शिवणाच्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात त्यांना बाहीचा एक प्रकार सापडला, स्पेलिंग जी-आय-जी-ओ-टी. कोश उघडला तर पहिलाच अर्थ निघाला ‘मेंढीची तंगडी’. त्या विचारतात, हा एकच शब्द की योगायोगाने सारखे दिसणारे दोन? उच्चार जिगट करायचा की झिगो? आणि मराठीत ‘फुग्याची बाही’ म्हटलं तर चालेल का?

शब्द एकच आहे आणि तो फ्रेंच आहे. मटणाचा अर्थ आधीचा, बाहीचा नंतरचा. मेंढीच्या किंवा कोकराच्या मागच्या पायाचा अख्खा तुकडा, म्हणजे आपल्याकडे खाटीक ज्याला रान म्हणतो तो भाग, फ्रेंचमध्ये झिगो. हा तुकडा कमरेकडे जाडजूड आणि गोलसर असतो आणि गुडघ्याखाली निमुळता होत हाडावर येऊन संपतो. बाहीचंही तेच. खांद्याशी भरपूर फुगलेली, कोपरापासून मनगटापर्यंत हाताला घट्ट बसलेली. इंग्रजीत या बाहीला सरळ ‘लेग ऑफ मटण’ म्हणतात आणि आपल्याकडच्या शिवणवर्गांतही तेच नाव शिकवलं जातं.

आता उच्चार. फ्रेंचमध्ये शेवटचा टी मुका, म्हणून झिगो. त्यातला झ आपल्या ‘झेंडा’तला नाही; ‘मेझर’ किंवा ‘प्लेझर’ म्हणताना मधे जो घासून येतो, तो. तो मराठी वर्णमालेत नाही, म्हणून झ वर भागवायचं. गंमत अशी की या शब्दात जी हे अक्षर दोनदा येतं आणि दोन्ही वेळा वेगळं वाजतं: आयच्या आधी झ, ओच्या आधी ग. मराठी माणसाला याचं नवल वाटू नये. ‘माझा’ आणि ‘माझी’ मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर तेच, पण पुढे इकार आला की जीभ टाळूकडे सरकते आणि झ चा नाद बदलतो. फ्रेंचमधला हा बदलही पुढच्या स्वराच्या ओढीनेच घडलेला आहे.

‘जिगट’ हा उच्चारही चूक नाही. तो इंग्रजीतला आहे, आणि विशेषतः स्कॉटलंडचा. स्कॉटलंड आणि फ्रान्स यांचं मध्ययुगात इंग्लंडविरुद्ध दीर्घकाळ सख्य होतं. त्या काळात फ्रेंच स्वयंपाकघरातले बरेच शब्द स्कॉट लोकांच्या तोंडी बसले आणि तिथल्या खाटकाकडे जिगट अजूनही मिळतं. आयर्लंडमध्ये हाच शब्द खांद्याच्या चॉप्ससाठी वापरतात, म्हणजे तंगडी मागून पुढे आली! आयरिश स्ट्यूत पडतात ते हेच ‘जिगट चॉप्स’. तेव्हा शिवणाच्या पुस्तकातला शब्द वाचताना झिगो म्हणा, पण एखाद्या स्कॉटिश माणसाने जिगट म्हटलं तर त्याला सुधारायला जाऊ नका.

पण मला खरी गोडी वाटते ती या शब्दाच्या त्याहून जुन्या जन्मात. झिगोच्या शेवटी जो ‘ओ’ ऐकू येतो, तो फ्रेंचमधला लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे, आपल्या ‘डी’, ‘कुली’सारखा. तो काढला की उरतो ‘झीग’. जुन्या फ्रेंचमध्ये झीग म्हणजे गजाने वाजवायचं एक तंतुवाद्य. हा शब्द जर्मानिक भाषांतून आला आणि जर्मनमध्ये व्हायोलिनला आजही ‘गायगं’ म्हणतात, तो त्याचाच भाऊ. मध्ययुगातली ही वाद्यं आजच्या व्हायोलिनसारखी कंबर असलेली नव्हती. पोट फुगीर आणि तिथून निमुळती होत गेलेली मान, असा त्यांचा घाट. त्यांच्यातलंच एक रिबेक, ज्याचं नाव अरबी ‘रबाब’वरून आलं आहे. अशा वाद्याचं चित्र नजरेसमोर आणा आणि शेजारी मेंढीची तंगडी ठेवा. बहुतेक कोशकार नावाचा उलगडा असाच करतात: आकार वाद्यासारखा, म्हणून तंगडीला ‘छोटी झीग’.

म्हणजे वाद्यावरून तंगडी आणि तंगडीवरून बाही. वस्तू प्रत्येक वेळी निराळी, घाट मात्र तोच.

झीग हा शब्द फ्रेंचमधून गेलेला नाही. हरणाच्या मागच्या मांडीला स्वयंपाकी अजून ‘झीग द शव्रॉय’ म्हणतात, आणि एखादी मुलगी उंच, लांब तंगड्यांची असली तर तिला ‘ग्रांद झीग’. याच कुळातलं क्रियापद ‘झिगोते’: पाळण्यातलं बाळ पाय झाडतं ना, ते. नाचघरांत पैसे घेऊन जोडीला नाचणाऱ्या पुरुषाला ‘झिगोलो’ म्हणत. तो शब्दही याच गोतावळ्यातला मानतात.

फ्रान्समध्ये ईस्टरच्या जेवणात कोकराचा झिगो असायचा, ही पद्धत अजून टिकून आहे. मांसात सुरीने चिरा पाडून लसणाच्या पाकळ्या खोचतात, ओव्हनमध्ये भाजतात आणि सोबत फ्लाजोले नावाचे फिकट हिरवे घेवड्याचे दाणे वाढतात. दुसरी रीत ‘सात तासांच्या झिगो’ची. बंद भांड्यात मंद आचेवर इतका वेळ शिजवायचा की सुरीची गरजच उरू नये. म्हणून त्याला ‘चमच्याने खायचा झिगो’ असंही नाव आहे. बांधकामावरच्या मजुरांची एक रीत तर अजब आहे. काम पुरं झालं की तंगडी कागदाच्या अनेक थरांत गुंडाळून उकळत्या डांबरात सोडतात. तिला म्हणतात ‘झिगो बित्युम’, डांबरातला झिगो. खाली हाडाजवळ मांसाचा जो छोटा गोळा असतो, तो ‘सुरी’. आपली भाजी चिरायची सुरी नव्हे. फ्रेंचमध्ये सुरी म्हणजे उंदीर. लॅटिनमध्येही स्नायूला ‘छोटा उंदीर’च म्हणत आणि इंग्रजीतला ‘मसल’ तिथूनच आला.

कापडाकडे येताना वाटेत एक खड्डा आहे, तो दाखवून ठेवतो. जालावर फ्रेंचमधून या बाहीचा शोध घेतलात तर मधेच एक लोखंडी किंवा चांदीचं अवजार समोर येईल. नाव ‘मांश आ झिगो’. भाजलेली तंगडी कापताना हाडावर बसवून स्क्रूने आवळायची मूठ ती. आणि बाहीचं नावही ‘मांश झिगो’ किंवा ‘मांश आ झिगो’! फरक फक्त लिंगाचा. पुल्लिंगी मांश म्हणजे मूठ किंवा दांडा, स्त्रीलिंगी मांश म्हणजे बाही. दोन्ही लॅटिनमधल्या हातावरून आलेले. मराठीतही लांब बाह्यांच्या पोलक्याला आपण ‘लांब हातांचं पोलकं’ म्हणतो आणि अवजाराच्या मुठीला हत्ता. म्हणजे हातावरून या दोन्ही वस्तूंपर्यंत आपणही स्वतंत्रपणे पोचलोच. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या खाडीचं फ्रेंच नावही ‘ला मांश’, म्हणजे बाही. तिच्या काठावर मों-सँ-मिशेलच्या उपसागरात भरतीचं पाणी चढतं अशा खारट कुरणांवर मेंढ्या चरतात. त्यांचं मांस फ्रान्समध्ये फार नावाजलेलं आहे, आणि मों-सँ-मिशेल ज्या जिल्ह्यात येतं त्याचं नावही मांशच.

आता बाही. युरोपात ती दोनदा गाजली. पहिल्यांदा १८२० च्या दशकात ती फुगायला लागली आणि १८३० ते १८३५ या काळात कळसाला पोचली. तेव्हाच्या झग्यात खांद्याची शिवण खाली उतरलेली असे, त्यामुळे फुगा दंडावर आडवा पसरे. तो पडू नये म्हणून आत पिसं भरलेल्या छोट्या गाद्या दंडाला बांधत. वर रुंद बाह्या, खाली घेरदार स्कर्ट आणि मधे आवळलेली कंबर. सगळा खटाटोप कंबर बारीक दिसावी म्हणून. १८३६ च्या सुमाराला हा फुगा एकदम बसला, आणि १८३७ मध्ये व्हिक्टोरिया राणी गादीवर आली तेव्हा बाह्या हाताला चिकटायला लागल्या होत्या.

दुसरी लाट १८९० च्या दशकातली. सुरुवातीला खांद्यावर नुसती एक टोकदार चुणी, मग वर्षागणिक वाढत १८९५ च्या आसपास प्रचंड आकार, आणि दशक संपायच्या आत पुन्हा ओसरलेली. या खेपेला फुगा दंडावरून खाली न पडता खांद्यापासून वर उभा राहतो. जुन्या चित्राचा काळ ओळखायचा असेल तर मी आधी हेच पाहतो. सायकल चालवणाऱ्या बायकांची त्या काळची चित्रं पाहा, जवळजवळ प्रत्येकीला हीच बाही आहे. मुंबईतल्या पारशी आणि सुधारक घरांतल्या स्त्रियांच्या त्या सुमाराच्या फोटोंतही साडीखाली अशाच फुगीर खांद्यांची पोलकी दिसतात.

ही बाही पाहून प्रत्येकाला आपल्या स्वयंपाकघरात टांगलेलं मांस आठवलं, हेही मजेशीर आहे. फ्रेंच आणि इंग्रजांना मेंढी दिसली. जर्मन लोक तिला ‘शिंकन-एर्मेल’ म्हणतात आणि स्पॅनिश लोक ‘मांगा हामोन’, दोन्हींचा अर्थ डुकराच्या मांडीची बाही.

शेवटचा प्रश्न ‘फुग्याच्या बाही’चा. माझं मत, नको. ते नाव आपल्याकडे पफ बाहीला पक्कं बसलेलं आहे. तिला वर मुंढ्याशी चुण्या असतात आणि खाली पट्टीशीही चुण्या असतात, आणि ती बहुधा कोपराच्या वरच संपते. झिगोला चुण्या फक्त मुंढ्याशी. कागदावर साध्या लांब बाहीचा आकार काढायचा, वरच्या गोलाईपासून कोपराकडे उभे काप द्यायचे आणि ते काप वरच्या बाजूला फाकवायचे. वर घेर वाढतो, मनगटाचं माप तेवढंच राहतं. जोड न देता एकाच कापडात फुगा आणि घट्टपणा दोन्ही येतात, हे या बाहीचं वैशिष्ट्य. हिच्या नेमकी उलटी ती बिशप बाही: वर साधी, मनगटाशी फुगलेली. तिन्हींना एकच नाव दिलं तर शिंप्याकडून भलतंच शिवून येईल.

‘लेग ऑफ मटण’ म्हणायला माझी हरकत नाही, ते रुळलेलं आहे. फक्त आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकडाचं, आणि त्याची तंगडी लांबट, सडपातळ असते. ती डोळ्यांसमोर ठेवून बाही बेतलीत तर घेर कमी पडेल. लेखात वापरायचं असेल तर पहिल्यांदा ‘झिगो बाही’ लिहून पुढे ‘खांद्याशी फुगीर, कोपराखाली घट्ट’ एवढा खुलासा करा आणि मग नुसतं ‘झिगो’ लिहीत जा. बाहीबरोबर आला की शब्द मराठीत स्त्रीलिंगी होतो, तंगडी म्हणून आला की मी तो पुल्लिंगी चालवतो, फ्रेंचमध्ये आहे तसाच.