माळवदाचं घर पाडताना जुनी बॅटरी, टीव्ही, फवारणीच्या बाटल्या आणि देवाचे फोटो यांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न असा आहे, की माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर पाडायच्या आधी रिकामं करायचंय, गावात घंटागाडी येत नाही आणि भंगारवाला लोखंड-पत्रा घेऊन गेला. आता जुना टीव्ही, इन्व्हर्टरची बॅटरी, ट्यूबा, फवारणीच्या बाटल्या, गोळ्या-औषधं, गाद्या आणि देवाचे फोटो मागे उरलेत. आम्ही जिंतूर तालुक्यातलं आमचं घर असंच रिकामं केलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक सांगतो. यातली एकही वस्तू उकिरड्यावर जाऊ देऊ नका. उकिरड्याचं खत उन्हाळ्यात वावरातच पसरतो आपण. ट्यूबची काच, ब्लेड, सेल, तारेचे तुकडे त्याच्यासोबत रानात जातात आणि तिथून वैरणीत येतात. गाय चारा निवडून खात नाही, गवतासोबत तारही गिळते. ती पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात अडकून पडते आणि कधीतरी पडदा फोडून हृदयात घुसते. आमची दुसऱ्या वेताची गाय अशीच गेली. आठ-दहा दिवस तिनं खाणं सोडलं होतं, कण्हत उभी राहायची. डॉक्टरांनी नंतर पोट उघडून बोटभर तार काढून दाखवली. ती तार आमच्याच उकिरड्यातली असणार, असं मला आजही वाटतं.

पडकी विहीरही तशीच. जुनी आहे, पाणी आटलंय, टाका तिच्यात, असं गावात सर्रास होतं. पण पावसाळ्यात तिला पाणी चढतं आणि ते खडकाच्या भेगांमधून शेजारच्या बोअरपर्यंत पोचू शकतं.

आता बॅटरी. तिचं सगळ्यात सोपं आहे, पण चुकलं तर सगळ्यात वाईटही तीच. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं, म्हणून तिला भाव मिळतो. जिथून नवी घ्याल तिथे जुनी द्या, बिलात पैसे कमी होतात. २०२२ च्या बॅटरी नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे दुकानदाराला विचारायला संकोच करू नका. वजन कमी करायला ॲसिड नालीत ओतून देणाऱ्या फेरीवाल्याला मात्र देऊ नका. नेताना उभीच न्या. आणि जायचा दिवस ठरेपर्यंत ती गोठ्यात ठेवू नका. फुटक्या बॅटरीतलं शिसं गुरं चाटतात, आणि जगभरात गुरांना शिशाची विषबाधा होण्याचं नेहमीचं कारण टाकून दिलेल्या बॅटऱ्या हेच आहे.

जुना डबडा टीव्ही भंगारवाला आनंदाने नेतो, पण त्याला फक्त आतलं तांबं हवं असतं. तांबं काढलं की काचेची नळी तो ओढ्यात फेकतो, आणि त्या काचेतही शिसं असतं. म्हणून टीव्ही अख्खा ठेवा. दसरा-दिवाळीला जुना घेऊन नवा देणाऱ्या योजना निघतात, तेव्हा द्या. नाहीतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर परवानाधारक ई-कचरा घेणाऱ्यांची यादी आहे, ती पाहून फोन करा. एका टीव्हीसाठी गाडी येणार नाही. आम्ही गल्लीतल्या सहा घरांचे टीव्ही, मिक्सर, मोबाईल, चार्जर एका टेम्पोत भरून नेले, भाडं वाटून घेतलं.

ट्यूब आणि सीएफएल यांत पारा असतो, एका सीएफएलमध्ये साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम. न फोडता, कागदात गुंडाळून त्याच ई-कचऱ्यासोबत द्या. फुटलीच तर लेकरांना बाहेर काढा, खिडक्या उघडून पाव तास थांबा, झाडू न मारता पुठ्ठ्याने काच गोळा करा, ओल्या कपड्याने पुसा आणि सगळं बरणीत बंद करा.

फवारणीच्या बाटल्यांबद्दल जरा कडक सांगतो. त्यात तेल, रॉकेल, पाणी काहीही भरून ठेवू नका. रिकाम्या बाटलीत पाव भाग पाणी घालून, झाकण लावून, हलवून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, असं तीनदा. मग तिला भोकं पाडा म्हणजे कुणी वापरणार नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फोडून वस्तीपासून दूर पुरायला सांगितलंय. विहीर, बोअर, ओढा यांच्याजवळ मात्र पुरू नका, आणि चुलीत जाळणं तर अजिबात नको. अर्धी भरलेली मुदतबाह्य बाटली असेल तर लेबलासकट कुलपात ठेवा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला विचारा. वावरात ओतून ‘संपवणं’ हा उपाय नाही.

जुन्या गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत बांधा आणि उकिरड्यावर न टाकता तालुक्याच्या घंटागाडीत द्या. इन्शुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना दाखवा. तिथे सुयांसाठी पक्का खड्डा असतो.

कापसाची गादी पिंजून घ्या, लुगड्यांच्या वाकळी शिवून घ्या. फोमच्या गादीला मात्र कुणी हात लावत नाही. आम्ही ती कापून ट्रॅक्टरच्या सीटला घातली.

देवाच्या फोटोंपाशी आमचीही गाडी अडली होती. आई म्हणाली, पिंपळाच्या पारावर ठेवून ये. पण पारावर आधीच पन्नासेक फोटो पडलेले, काचा फुटलेल्या आणि तिथेच लेकरं खेळत होती. मग आईनेच वाट काढली. नमस्कार करून काच आणि चौकट वेगळी केली, कागद रात्रभर बादलीत भिजवला आणि लगदा कडुनिंबाच्या आळ्यात टाकला. चौकटी सुताराने नेल्या. घासून गुळगुळीत झालेले टाक, म्हणजे देवाचे चांदीचे पत्रे, सोनाराकडे देऊन नवे करून घेतले. लॅमिनेशन केलेले फोटो भिजत नाहीत, ते आम्ही जपून ठेवले.

शेवटचं एक काम जेसीबी यायच्या आदल्या दिवशी करा. कोनाडे, बळद (भिंतीतली धान्याची कोठी), माळवदाखालचा अंधार, सगळं टॉर्च घेऊन तपासा. आमच्या बळदात जुने सेल आणि उंदराच्या औषधाचं अर्धं पाकीट निघालं. माळवदाची पांढरी माती लोक ट्रॉल्या भरून वावरात नेतात, तुमचीही कुणीतरी मागायला येईलच, तिच्यासोबत असलं काही वावरात जायला नको.