बाटलीवरची रेघ

"मॅडम, मुलगा पितोय असं वाटतं. विचारलं तर खोटं बोलेल, नाही विचारलं तर हाताबाहेर जाईल. करू तरी काय?" हा प्रश्न इतक्या आईवडिलांनी माझ्यासमोर मांडलाय की एका घराची गोष्ट सांगावीशी वाटते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगा सोळा वर्षांचा. शंका आधी आईला आली. तोंडात सतत च्युइंगगम, घरात शिरला की तडक बाथरूम, पर्समधले पैसे कमी, जुने मित्र येईनासे झालेले. यातलं एखादं लक्षण या वयात कुणातही दिसतं. तीन-चार एकदम दिसू लागली, तर मात्र कानाडोळा करू नका. वडिलांनी कपाटातल्या बाटलीवर पेनाने बारीक रेघ मारून ठेवली. महिनाभर दारू रेघेला रेघ. मग एका संध्याकाळी त्यांनी स्वतःसाठी पेला भरला आणि पहिल्याच घोटाला कळलं, निम्मं पाणी आहे.

त्या रात्री मारझोड झाली, फोन जप्त झाला. माझ्याकडे मुलगा आला तो खुर्चीच्या कडेवर बसला, नजर दाराकडे.

"याला विचारा, किती पितो, कुणी शिकवलं," वडील म्हणाले. मी ते विचारलं नाही. दारू मुलाचं काहीतरी काम करत असते, असं मी पहिल्यापासून मानत आले आहे. ते काम काय हे कळण्याआधी बाटली हिसकावली, तर मूल दुसरी शोधतं.

चौथ्या भेटीत वडिलांना एवढंच विचारायला सांगितलं, "पहिल्यांदा घेतलीस, त्या दिवशी काय झालं होतं?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. आई मधे बोलायला गेली, मी हातानेच थांबवलं.

"तोंडी परीक्षा होती," मुलगा म्हणाला. "माझे हात कापतात. सगळे हसतात. घेतल्यावर कापले नाहीत."

वडील स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "माझेही कापायचे. मीटिंगच्या आधी अजून कापतात."

मुलाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तोवर एकदाही पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच आलेत, आणि त्यासाठी गप्प राहता आलं याचं मला समाधान आहे. पुढचं काम त्या भीतीवर झालं. दारूने धडधड तेवढ्यापुरती थांबते, उतरल्यावर दुपटीने परत येते, हे त्याने स्वतःच्याच अनुभवातून मला सांगितलं.

आईवडिलांना माझं सांगणं असं. मूल पिऊन आलं, तर त्या रात्री जाब विचारू नका. नशेत झालेलं बोलणं सकाळी त्याला आठवेलच असं नाही. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका. कॉफीने किंवा गार पाण्याने नशा उतरत नाही. हलवूनही जागं होत नसेल, श्वास मंद किंवा थांबून-थांबून चालला असेल, तर थेट दवाखाना. बोलणं सकाळी, एकाच पालकाने, हलक्या आवाजात. मेंदूची वाढ साधारण 25 वर्षांपर्यंत चालू असते आणि आवर घालणारा भाग सर्वांत शेवटी पक्का होतो, म्हणून "घरात थोडी घेतली तर काय बिघडतं" हे मला मान्य नाही. 15 वर्षांच्या आत सुरू करणाऱ्यांना पुढे व्यसन जडण्याचा धोका जास्त असतो. आणि रोज पिणाऱ्या मुलाला सकाळी कापरं भरत असेल, तर दारू एकदम बंद न करता आधी डॉक्टर गाठा.

त्या घरातलं कपाट वडिलांनी स्वतः रिकामं केलं. मी सुचवलं नव्हतं.

चार महिन्यांनी रात्री मुलाचा वडिलांना फोन आला, "बाबा, मी थोडी घेतलीय. न्यायला याल?" ते गेले. गाडीत एक शब्द बोलले नाहीत. "मॅडम, घर येईपर्यंत जीभ चावून बसलो होतो," पुढच्या भेटीत त्यांनी मला सांगितलं. "सकाळी तोच येऊन माझ्यापाशी बसला."